तोलघराची मागची भिंत

“ओ साहेब, जरा हे टोक धरता का?”

साहेब थबकला. काखेत फाईल, शर्टाला कडक इस्त्री, बुटांना पॉलिश. समोर तोलघराच्या पायरीशी एक मुलगी उकिडवी बसलेली. हातात टेप, दातांत पेन्सिल, आणि केसांत कागदाचे इतके बारीक कपटे की छापखान्यातून पळून आल्यासारखी दिसत होती.

“मी?”

“नाही, तुमच्या मागचा खांब. त्याला चारदा विचारलं, ऐकतच नाही.”

साहेबाने खांबाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. फाईल पायरीवर ठेवली आणि निमूटपणे कोपऱ्यापाशी जाऊन गुडघ्यावर बसला. इस्त्रीची पँट धुळीत.

“झोळ पडलाय,” तो तिकडून ओरडला. “ताणा!”

“मला शिकवू नका. घट्ट धरा फक्त.”

“धरलंय.”

“नखाने!”

“नखानेच धरलंय हो. आता काय दातांनी धरू?”

ती हसली, तशी दातांतली पेन्सिल गटारात पडली. त्याने खिशातलं पेन काढून हात लांब केला. पेन घ्यायचं तर टेप सोडावी लागणार, आणि टेप तर कुणालाच सोडायची नव्हती... दोघं अठरा मीटरवरून एकमेकांकडे बघत बसले. येणारेजाणारे वळून वळून पाहत होते. बघेनात का.

मुलीला सगळी गल्ली कात्री म्हणायची. तोलघरासमोरच तिच्या घरचा खोक्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, तीन खोल्या आणि एक कापायचं मशीन. बुटांची खोकी, केकची खोकी, टोप्यांची खोकी. बाबा कापायचे, आत्या चिकटवायची आणि कात्री आखायची. आठ वर्षांची असल्यापासून आखायची. हात जितका धारदार, तितकीच जीभ. म्हणून कात्री.

आणि तोलघर म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीची दगडी इमारत. कालव्यातून नावेने जो माल शहरात यायचा, तो आधी इथे तोलला जायचा आणि मगच बाजारात जायचा. आता पालिकेने ती धोकादायक ठरवली होती. मागची भिंत सरकलीय म्हणे. पाडायची आणि तिथे गाड्या लावायला पाच मजले बांधायचे. वर पालिकेची अक्कल बघा — त्या पाच मजल्यांच्या दारात काचेच्या पेटीत तोलघराची कागदी प्रतिकृती ठेवायची! खरं मोडायचं, कागदाचं जपायचं. हे काम खोकेवाल्यांकडे आलं, कारण कागदाला इतक्या धारेने कापणारं त्या शहरात दुसरं कुणी नव्हतं.

“माणूस गेल्यावर फोटो मोठा करून घ्यायला येतात ना बाबा, तसे आलेत हे,” कात्री तेव्हा म्हणाली होती. “फरक एवढाच, की इथे माणूस अजून जिवंत आहे.”

“काम आलंय ते कर,” आत्या म्हणाली. “भाषणं नंतर दे.”

पालिकेने नकाशा दिला होता. अठरा मीटर बाय बारा मीटर, चारही कोपरे काटकोन. पण नकाशात खिडकीची चौकट नव्हती, फरशीची ठेवण नव्हती, काहीच नव्हतं. म्हणून बाई स्वतः टेप घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या.

“आत जायचंय?” साहेबाने गुडघे झटकत विचारलं.

“कुलूप आहे.”

त्याने खिशातून किल्ली काढली. कात्रीचे डोळे बारीक झाले.

“तुम्ही कोण?”

“पालिकेत असतो. मोजणी खात्यात.”

“म्हणजे पाडणाऱ्यांतले.”

“मोजणाऱ्यांतला.”

“एकच ते.”

“छे! पाडणारे वेगळे. त्यांचा आवाज मोठा असतो.” तो कुलपाशी झटापट करत होता. “आम्हाला तर घरची मांजरही विचारत नाही.”

हसायचं नाही असं तिने ठरवलं होतं. हसलीच.

आत गार होतं. उंच खिडक्यांतून उन्हाच्या तिरप्या पट्ट्या फरशीवर पडल्या होत्या आणि त्यांत धूळ आरामात तरंगत होती. फरशी मात्र... कात्री दारातच थांबली. काळ्या आणि करड्या दगडांची, आडव्या रांगांत बसवलेली, पावलांनी झिजून लोण्यासारखी मऊ झालेली. तिने चपला काढल्या.

“दगड चावेल,” तो म्हणाला.

“चावू दे. तुम्हीही काढा बूट. एवढं पॉलिश कुणाला दाखवताय?”

“आतापर्यंत कुणाला नाही,” असं म्हणून त्याने मुकाट बूट काढले. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या. कात्रीने ते पाहिलं. पाहिलं नाही असं दाखवलं.

एक दगड मोजायचा, वहीत उतरवायचा, पुढे सरकायचं. चार दुपारी गेल्या. त्याची जेवणाची सुट्टी तासाची होती, ती दीड तासाची झाली, मग दोनाची. साहेब आकडा सांगायचा आणि ती लिहायची. मध्येच तो चुकीचा आकडा सांगायचा, ती लिहिते का बघायला.

“बेचाळीस.”

“चाळीस. मला आंधळी समजलात?”

“नाही... तुम्ही वर बघावं म्हणून.”

दुसऱ्या दुपारी तो अचानक गप्प झाला. सगळ्यात मागच्या रांगेपाशी उगाच बराच वेळ बसून राहिला.

“काय झालं?”

“काही नाही. पाय आखडला.”

तिने विश्वास ठेवला. विश्वास ठेवायला आवडावं असं वय आणि अशी दुपार होती.

मग तो संध्याकाळी कारखान्यात यायला लागला. प्रतिकृतीचं काम बघायला, असं म्हणायचा. खऱ्या एका मीटरला कागदावर दोन सेंटिमीटर, असं माप तिने धरलं होतं. जाड पुठ्ठ्याच्या भिंती, वर दगडाचे सांधे पेन्सिलीने काढलेला पातळ कागद. घडी कशी पाडायची ते तिने त्याला शिकवलं. आधी बोथट सुरीने हलकी रेघ ओढायची, मगच दुमडायचं. घाई केली की कागद फुटतो.

“माणसांचंही तसंच असेल,” तो म्हणाला.

“हात चालवा. तत्त्वज्ञान आत्याला सांगा.”

आत्या पलीकडून गोंदाचं भांडं ढवळत कान टवकारून बसलेली. “मला कशाला? मला काय, पोरगा पालिकेत पक्का आहे एवढं कळलं तरी पुरे.”

“आत्या!”

“काय आत्या? पक्का आहेस ना रे?”

“पक्का,” तो म्हणाला, पण कात्रीकडे बघून.

एकदा तिच्या तर्जनीवर गोंद सुकला होता. ती दातांनी काढायला गेली, तर तो म्हणाला, “थांब.” पहिल्यांदाच ‘थांबा’ नाही, ‘थांब’. तिचं बोट धरून त्याने तो पातळ पापुद्रा हळूहळू सोलला. अख्खा निघाला. उजेडात धरला तर त्यावर तिच्या बोटाच्या सगळ्या रेषा उमटलेल्या. त्याने तो आपल्या वहीच्या पानात ठेवला.

“तो कशाला ठेवलास?” तिचाही ‘तू’ झाला, कळायच्या आत.

“मोजायला,” तो म्हणाला.

बोट अजून त्याच्याच हातात होतं. दोघांपैकी कुणालाही ते आठवण्याची घाई नव्हती.

पण गोष्ट इथे संपत नाही. संपली असती तर सगळेच खूष झाले असते, पालिकासुद्धा.

भिंती उभ्या राहिल्या. नकाशाबरहुकूम, काटकोनात. आता तळ. तिने मोजलेल्या फरशीचा एक अखंड तुकडा, दगडन् दगड काढलेला. तो ती वरून भिंतींच्या आत सोडायला गेली... आणि तो बसला नाही. डावीकडे चपखल, पण उजवीकडे बोटभर जास्त. चौदा मिलिमीटर.

तिने पुन्हा कापला. चौदा मिलिमीटर. तिसऱ्यांदा कापला.

“प्रेमात पडलं की हात वाकडा चालतो,” आत्या म्हणाली.

“माझा नाही चालत.”

“पडलीस हे तरी कबूल केलंस!”

कात्री उत्तर द्यायला थांबली नाही. आदल्या दिवसापासून किल्ली तिच्याकडेच होती. ती तडक तोलघरात गेली आणि मागच्या भिंतीशी पालथी पडून शेवटची रांग बघत राहिली. डाव्या टोकाला तिथे रांगच नव्हती. मग एक दगड सुरीच्या पात्याएवढा, मग हातभर रुंद, आणि असं वाढत वाढत उजव्या टोकाला पुरे सत्तर सेंटिमीटर. प्रत्येक दगड छिन्नीने तिरका कापलेला. कडा झिजलेल्या, सांधे घट्ट, केसही जाणार नाही. भिंत सरकली असती तर मध्ये फट पडली असती, फरशी फाटली असती. ही फरशी पहिल्या दिवसापासून तिरक्या भिंतीसाठीच कापलेली होती.

ती बाहेर पळाली. भंगाराच्या टपऱ्यांमागून, कुत्र्यांना हाकलत, गुडघाभर गवतातून मागच्या बाजूला गेली. कालवा तिथे हलकासा वळत होता. भिंतही त्याच्याबरोबर तशीच वळली होती. नावा लागायच्या ना तिथे! बांधणाऱ्यांनी पाण्याकडे बघून भिंत घातली होती. दीडशे वर्षं ती जागची हलली नव्हती.

दारावर पालिकेचा अहवाल डकवलेला होता. इतके दिवस तिने तो वाचलाही नव्हता. आता वाचला. ‘मागची भिंत व फरशी प्रत्यक्ष तपासली. उजवा कोपरा मूळ जागेपासून सत्तर सेंटिमीटर सरकल्याचे आढळले.’ खाली सही. सहीवरून कुणाच्या बापाला नाव कळणार नाही, अशी.

तो जेवणाच्या सुट्टीत नेहमीसारखा हसत आला. तिने कागदावर बोट ठेवलं.

“हा मागे कधीच गेलेला नाही. फरशी पाहिलेली नाही. कुठला तरी जुना काटकोनी नकाशा घेतला, उजवी भिंत बाहेरून जास्त भरली, आणि भिंत सरकली म्हणून मोकळा झाला. कोण आहे हा गाढव? तुझ्याच खात्यातला ना?”

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या... आणि तिला कळलं.

“तू.”

“मागे टपऱ्या होत्या. कुत्री होती. वरच्यांना संध्याकाळच्या आत अहवाल हवा होता.” त्याचा आवाज खाली खाली जात होता. “‘प्रत्यक्ष तपासली’ ही ओळ छापीलच असते. सगळेच सही करतात.”

“सगळेच! आणि माझ्याबरोबर चार दुपारी इथे गुडघे घासत होतास तेव्हा?”

“तेव्हा कळलं. दुसऱ्याच दुपारी.”

“पाय आखडला म्हणालास.”

“सांगितलं असतं तर तिसऱ्या दुपारी तू मला आत घेतलं नसतंस.”

किती गोड वाक्य! दुसरी कुणी असती तर विरघळली असती. कात्रीला असा संताप आला की तिने त्याच्या पॉलिश केलेल्या बुटावर मातीने भरलेला पाय ठेवला आणि दाबला.

“हे असलं माझ्याशी बोलायचं नाही. इमारत पाडायला निघालेत तुझ्या सहीवर, आणि तू मला माझ्याच नावाने लाच देतोस?”

“नोकरी जाईल माझी,” तो म्हणाला. “घरात आई आहे. मी एकटाच मिळवता आहे.”

ते खोटं नव्हतं. तिने त्याच्या बुटावरचा पाय काढला. मग म्हणाली, “परवा पालिकेत या पाडकामाची सुनावणी आहे. मी जाणार. तुझं नाव मी घेणार नाही. ते तू घ्यायचं. तुझ्या तोंडाने.”

“आणि नाही घेतलं तर?”

“तर या गल्लीतून जाताना पलीकडच्या बाजूने जायचं. मला आवडतोस तू. खूप आवडतोस. म्हणूनच सांगते, खोट्या सहीच्या माणसाबरोबर मी एक दिवसही काढणार नाही.”

आवडतोस हे असं, भांडता भांडता, तोंडावर मारल्यासारखं सांगून ती निघून गेली. तो दारात उभा. एका बुटावर पायाचा अख्खा ठसा.

घरी आत्याने आकाशपाताळ एक केलं. “पालिकेशी वैर? अगं, उद्या आपलंच मशीन उचलून नेतील! आणि त्या पोराचं काय? पक्की नोकरी घालवशील त्याची?”

“ती त्याने घालवायची की नाही ते तो ठरवेल.”

“दादा, सांग ना हिला काहीतरी!” आत्या भावावर घसरली.

बाबा मशीनपाशी वाकले होते. ते आठवड्यात जेमतेम दहा वाक्यं बोलायचे. “भिंती कापतोय,” ते म्हणाले. “दुसऱ्या. तिरक्या. एक खोकं सरळ, एक तिरकं. दोन्ही लागतील तिला.”

सुनावणी पालिकेच्या मोठ्या खोलीत, सकाळी अकराला. पंखे घरघरत होते. समोर अध्यक्षबाई, शेजारी मोजणी खात्याचे मोठे साहेब, एक कारकून, आणि बाजूच्या रांगेत पालिकेची माणसं. त्यात तो. त्याने आज बुटांना पॉलिश केलं नव्हतं. कात्रीने एवढंच पाहिलं आणि मग त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं. नजरेने ओढून आणलेलं खरं तिला नको होतं.

तिने टेबलावर पहिलं खोकं ठेवलं. “ही तुमच्या नकाशाची इमारत. आणि हा तिथला खरा तळ, मी दगड दगड मोजलेला. मोठे साहेब, बसवा.”

“मी?”

“का? कागदाला घाबरता?”

खोलीत खसखस पिकली. मोठ्या साहेबांनी तळ आत सोडला. तो उजवीकडे अडकून वर उचकला. त्यांनी दाबला. पुठ्ठा कुरकुरला.

“दाबू नका, फाटेल. आता याच्यात टाका.”

दुसरं खोकं. तिरक्या भिंतीचं. तळ हातातून सुटला, हवा दाबली गेल्याचा हलका आवाज झाला आणि तो आपोआप खाली जाऊन बसला.

“भिंत सरकलेली नाही,” कात्री म्हणाली. “ती तशीच बांधलेली आहे. फरशीचे दगड तिच्यासाठी तिरके कापलेत. जाऊन बघा. किल्ली मी देते.”

“हे पोरखेळ आहेत,” मोठे साहेब घाम पुसत म्हणाले. “खोकी करणाऱ्या मुलीकडून आम्ही इमारती शिकायच्या?”

“शिका की! तुमचे बूट माझ्या खोक्यात बसतात, तुमची टोपी बसते. खोटं तेवढं बसत नाही.”

मागे कुणीतरी टाळी वाजवली. आत्या होती. वाजवून झाल्यावर तिने हात पदराखाली लपवले.

“बाई,” मोठे साहेब अध्यक्षबाईंकडे वळले, “आमच्या माणसाने प्रत्यक्ष तपासणी केलेली आहे. लेखी आहे. सही आहे. तो इथे हजरही आहे.” ते बाजूच्या रांगेकडे वळले. “काय रे, तपासलंस ना?”

पंखा घरघरला. एक, दोन, तीन... कात्रीने समोरच्या भिंतीवरचा डाग बघायला सुरुवात केली. तिला वाटलं होतं, त्याने घात केला तर राग येईल. आता कळत होतं, राग नाही, काहीतरी मोडेल. आणि ते मोडलं तरी ती मागे हटणार नव्हती.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

“नाही.”

“काय?”

“नाही तपासलं. मी मागे गेलोच नाही. फरशी पाहिली ती सही केल्यानंतर दोन महिन्यांनी, या बाईंबरोबर. त्यांनी मोजलं ते बरोबर आहे. माझा अहवाल खोटा आहे.”

“खाली बस!”

“बसतो. आधी लिहून घ्या.” तो कारकुनाकडे वळला. “आणि हेही लिहा, की ती ओळ छापीलच असते. किती इमारती त्या एका ओळीवर पाडल्या, ते शोधा.”

मग जे व्हायचं ते झालं. गोंधळ, आरडाओरडा, मोठ्या साहेबांचा लालबुंद चेहरा. अध्यक्षबाईंनी टेबलावर हात आपटला. पाडकाम थांबवा, बाहेरचा माणूस आणून नव्याने मोजणी करा. आणि याला आजपासून निलंबित करा. ओळखपत्र इथे ठेवायचं, आत्ता.

त्याने ओळखपत्र गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं आणि जागेवर येऊन बसला. त्याच्या उजवीकडच्या माणसाने खुर्ची हळूच लांब सरकवली. डावीकडचा तर उठूनच गेला. रोज एकत्र चहा पिणारी माणसं ती. एवढ्या भरल्या खोलीत त्याच्याभोवती मोकळं मैदान झालं.

कात्री निघाली. टेबलापासून त्या रांगेपर्यंत, सगळी खोली बघत असताना, अजिबात घाई न करता. आणि डावीकडच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली.

“ती जागा कर्मचाऱ्यांची आहे,” मोठे साहेब गरजले.

“मग या दोन्ही खुर्च्यांवर आता कुणीच कर्मचारी नाही,” ती म्हणाली. “उठवायचं तर दोघांना उठवा.”

कुणी उठवलं नाही.

“माझ्याकडे आता नोकरी नाही,” तो पुटपुटला. “आत्याला काय सांगशील?”

“आत्याने टाळी वाजवली. आता तिला बोलायला तोंड नाही.”

“आई...”

“संध्याकाळी येते तुझ्या आईकडे. तू एकट्याने सांगू नकोस, तुला नीट भांडता येत नाही.”

त्याला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. तिने त्याचा हात घेतला. उघड, मांडीवर, सगळ्यांच्या देखत. तो थंडगार पडला होता. तिने बोटांत बोटं घातली आणि आवळली.

“लोक बघतायत,” तो म्हणाला.

“बघू देत. आज आलेच आहेत बघायला.”

कारकून तिची जबानी लिहून घेऊन आला. कागद तिच्यापुढे धरला, पेन दिलं. तिने ते डाव्या हातात घेतलं.

“उजव्या हाताने करा ना सही,” कारकून म्हणाला.

“तो कामात आहे,” कात्री म्हणाली, आणि डाव्या हाताने, वेडंवाकडं, पण पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत कुणालाही वाचता येईल असं आपलं पूर्ण नाव लिहिलं.